गच्चीवरचं लोखंड

नाही नाही, पेटी मिटू नका एवढ्यात — बसा हो डॉक्टर, त्या बाकावरच बसा, दांडी मी बाजूला करतो — हां. सूसची बस साडेपाचची ना? मग पुष्कळ वेळ आहे, मी सोडीन तुम्हाला मोटरसायकलवर, चहा टाकलाय, पुदिना सकाळचाच आहे. डॉक्टर म्हटलेलं असू द्या, अजून झाला नसलात तरी होणारच आहात. मला फक्त एवढं सांगा — ते वेग मोजायचं रडार, त्याची बॅटरी उतरली की ते आकडे चुकवतं, असं होत असेल ना? होत नाही. बरं. सकाळी दोनदा तपासलंत, हो, बघितलं मी. मग राळेचं काय? दहा आठवड्यांपूर्वी तुम्ही मोजायला आलात तेव्हा आमच्या हँडबॉलच्या मुलींच्या हाताला जुनी राळ होती, पार वाळलेली, चेंडू बोटांतून सटकत होता — आज मी नवा डबा फोडला. चेंडू हाताला नीट चिकटला की फेक जोरात जाते, हे कुणीही सांगेल तुम्हाला. दोन्ही गटांना तीच राळ? हो की. तेही खरंच. तीच राळ, तोच चेंडू, तोच हॉल. दाखवा बरं परत तो कागद. लोखंड उचललं त्या बारा जणी ताशी सात किलोमीटरनं वाढल्या, आणि नाही उचललं त्या बारा जणी साडेसहानं. सात आणि साडेसहा. अर्ध्याचा फरक म्हणजे फरकच नाही — तुम्हीच म्हणालात मघाशी. आणि आता खाली काय लिहिणार? 'वजनांच्या सरावाचा फेकीच्या वेगावर वेगळा परिणाम आढळला नाही.' नको, परत वाचू नका. ऐकलं मी.

उद्या दहाला आमच्या क्लबची कमिटी बसतेय, माहीत आहे ना? नाही — तुम्हाला कसं माहीत असणार, तुम्ही राजधानीहून येता, मोजता, जाता. आमचे अध्यक्ष हाज ताहर, ते लाल टोपीवाले, ज्यांनी पहिल्या दिवशी तुमच्या खिशात बळेबळे खजुराचे गोड मकरूद कोंबले — ते ही खोली मागतायत. बिलियर्डचं टेबल टाकायचंय त्यांना इथं, आणि कॉफीचं मशीन. ही खोली बघताय ना — पूर्वी इथं फुटके चेंडू आणि जाळी ठेवायचे. हे लोखंड मी आणलंय, डॉक्टर, एकेक करून, बंदरावरच्या भंगारातून, या गोल तबकड्या मी स्वतः कापल्यात, माझं नळांचं दुकान आहे, मला पाइपातलं कळतं — अख्खा गाव मला मानानं सी मोंजी म्हणतो ते काय नळांमुळे म्हणतो? नाही. या खोलीमुळे म्हणतो. तीस वर्षं हाज ताहर माझ्याशी भांडतायत — फेक मनगटात असते, लोखंडानं हात जड होतो, मुलींचे खांदे हमालासारखे झाले तर त्यांना करून कोण घेणार — आणि शेवटी त्यांचं तेच वाक्य, हातात असतं ते असतं, नसतं ते नसतं. आणि तीस वर्षं मी सांगतोय, फेक मनगटात नसते हो, फेक टाचेतून निघते, टाचेतून मांडीत, मांडीतून कमरेत, कमरेतून खांद्यात, हात बिचारा शेवटचा, तो नुसता निरोप पोचवतो. ऐकतंय कोण? म्हणून मी तुमच्या क्रीडासंस्थेला पत्र लिहिलं. मीच लिहिलं — तुमच्या प्राध्यापकांनी सांगितलं नाही? एक नाही, तीन पत्रं. या, मोजा, काय ते कागदावर येऊ दे. आणि हाज ताहर भर कॅफेत सगळ्यांसमोर माझा हात हातात घेऊन म्हणाले, मोंजी, संस्थेचा कागद येईल तसं करू, तुझं खरं निघालं तर खोली तुझी, मी परत तोंड उघडणार नाही. शब्दाचे पक्के आहेत ते, वाईट माणूस नाही. तोच कागद. उद्या दहाला. वाचून दाखवणार आणि चावी मागणार माझ्याकडे.

साखर घातलीय, ढवळा. — म्हणजे मीच बोलावलंय हो तुम्हाला, माझ्या हातानं पत्रं लिहून मीच, आणि आता तुमच्यापुढे हात जोडतोय की हा कागद नेऊ नका. हसू नका. हसत नाही? मग ठीक आहे.

आता एक विचारतो. त्या दिवशी चिठ्ठ्या काढल्या ना, माझ्या गवती टोपीत — चोवीस मुली, चोवीस चिठ्ठ्या, काळी निघाली तर लोखंड, पांढरी निघाली तर नुसता नेहमीचा सराव. तुम्ही आम्हाला बसवून समजावलंत, पांढऱ्या चिठ्ठीवाल्यांनी दहा आठवडे वजनाला हात लावायचा नाही, त्यांच्याशीच तर तुलना करायची. आणि मी मान डोलावली. सहीसुद्धा केली — हो, ती माझीच सही, खाली, निळ्या शाईतली. तेव्हा कळलं होतं मला. डोक्याला कळलं होतं. पण तुम्ही एक बघा, आम्ही एका परातीतून कुसकुस खाणारी माणसं — चोवीस जणी बसवायच्या, बारा जणींपुढे सरकवायचं आणि बारा जणींना म्हणायचं, तुम्ही नुसत्या बघा? तुमच्या पुस्तकात त्याला काय म्हणतात ते म्हणा. आमच्यात त्याला उपाशी ठेवणं म्हणतात. आणि सिवारला पांढरी निघाली. सिवार — माझी मुलगी हो, ती उंच, केसांना हिरवी पट्टी बांधते ती. तिनं चिठ्ठी बघितली, घडी घातली, खिशात टाकली. रात्री जेवताना मात्र चमचा ताटात ठेवला आणि म्हणाली, बाबा, दहा आठवडे? तेवढंच. चौदाव्या वर्षापासून तिला मी या खोलीत वाढवलीय, आणि आता तिनं काचेतून बघायचं, बाकीच्या उचलतायत आणि ती हातावर हात धरून उभी?

तर मी काय केलं — सांगतो. सांगायलाच पाहिजे आता. घरी गच्चीवर एक पाइप नेला, दोन टोकांना टोमॅटोचे मोठे डबे लावले आणि डब्यांत सिमेंट ओतलं. झाली दांडी. मग दुसरी केली, जड. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडल्या, जुना दरवाजा विटांवर टेकवून बाक केला. बुधवारी आणि रविवारी, दुपारच्या नमाजानंतर. खाली धाड धाड आवाज जायचा, शेजारीण विचारायला आली, तर माझी बायको जलीला म्हणाली, लोकर झोडपतोय, गाद्या भरायच्यात. आमच्याकडे लोकर केव्हा झोडपतात, लग्न ठरलं की. झालं, आठ दिवसांत अख्खी गल्ली सिवारचं अभिनंदन करायला लागली, नवरा मुलगा काय करतो म्हणून विचारायला लागली. जलीला अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मला वाटलं होतं, फक्त सिवार. पण मुलींच्या पोटात राहतं होय? दुसऱ्या आठवड्यात तिघी आल्या, एकीची तर आई सोबत आली — सी मोंजी, तुमची ती तुमची, आणि आमची कोण? म्हटलं, या. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या. पांढऱ्या चिठ्ठीवाल्या सगळ्या माझ्या गच्चीवर, पाळीपाळीनं. आणि मी खूश, डॉक्टर, तुम्हाला सांगतो — संध्याकाळचं ऊन, समोर समुद्र, मुली मोजतायत, सात, आठ, अजून एक — आणि एकदाही, तुमच्या आईची शपथ, एकदाही माझ्या टाळक्यात आलं नाही की मी माझ्याच पायावर धोंडा घालतोय. दोन्ही गटांना लोखंड दिलं तर फरक दिसणार कुठून? दुकानात नळाचा आटा चुकला तर मला आवाजावरून कळतं, आणि हे कळलं नाही. आज दुपारी तुम्ही म्हणालात 'साडेसहा' — तेव्हा कळलं.

पेन का खाली ठेवलंत?

शिव्या द्या. चालेल, मी त्याच लायकीचा आहे. किती वर्षं म्हणालात, दोन? दोन वर्षांचं काम — हो, आणि हे शेवटचं मोजणं होतं. प्राध्यापकांना काय सांगणार. समजतं मला. नाही, समजतं म्हणतोय, काय समजतं कप्पाळ — तुमच्या वयाचा मुलगा असता मला आणि त्याचं असं कुणी केलं असतं तर मी त्या करणाऱ्याला या बाकाखाली चिणला असता. पण एक करता येईल ना? खरं तेच लिहा. लिहा की दोन्ही गटांनी उचललं आणि दोन्ही वाढले, मोंजीनं लबाडी केली, माझं नाव घाला हवं तर, मोठ्या अक्षरात घाला, मला काढून टाकतील, टाकू देत — पण लोखंडानं हात वाढतो एवढं तर त्यातून निघतंय ना? निघत नाही? का नाही? — हं. सरावानंही वाढला असेल. वयानं वाढला असेल. नव्या राळेनं वाढला असेल, ते तर मीच मघाशी म्हणालो. न उचललेलं कुणीतरी हवं शेजारी ठेवायला. कळलं. कुणीतरी हवं.

काय शोधताय? — तो कागद ठेवा हो. नऊ नंबर? असेल काहीतरी, एखादी राहते अशी. तेव्हा अडुसष्ट आणि आज अडुसष्ट, हो, दिसतंय मला. आजारी असेल मधे. नाही पडली आजारी? हजेरी तुमच्याकडेच आहे, मला काय विचारता — चाळीसपैकी चाळीस. बरं. रोजे होते मधे. रोजे सगळ्यांचेच होते, हो. मग आळशी असेल, नुसती हजेरी लावून काय होतं, मन पाहिजे —

नाही. हे मी बोलायला नको होतं. आळशी नाही ती. खोटं बोललो. ती सगळ्यांच्या आधी येते आणि चेंडू गोळा करून सगळ्यांच्या नंतर जाते.

सगळ्या म्हणालो ना मघाशी — सगळ्या नव्हत्या. अकरा होत्या. नऊ नंबर म्हणजे हदील. तिची आई बंदरावर जाळी विणते, वडील नाहीत, बोटीवर गेले ते गेलेच. डावखुरी आहे. तुम्ही रडारवाले, तुम्हाला डावा काय आणि उजवा काय — पण हँडबॉलमध्ये उजव्या बाजूनं डावखुरी खेळवली की गोल तिला सताड उघडा दिसतो, म्हणून डावखुरी सापडली की क्लब तिला डोळ्यांत तेल घालून जपतात, गावोगाव हिंडून शोधतात. आमच्याकडे दोन आहेत. दोन डावखुऱ्या आणि जागा एक. हो. दुसरी सिवार. पहिल्या दिवशी तुम्ही मोजलंत, सिवार सदुसष्ट, हदील अडुसष्ट. एक किलोमीटर. आणि हदील तिच्याहून वर्षानं लहान.

मी तिला नाही म्हटलं नाही, डॉक्टर. हे नीट लक्षात घ्या. ती आली आणि मी दार लावून घेतलं, असं काही झालं नाही. मी फक्त बोलावलं नाही. पहिल्या आठवड्यात बोलावलं नाही, मग दुसऱ्या आठवड्यात बोलावलं नाही, मग बोलवायचं तर आधी का नाही बोलावलं ते सांगावं लागलं असतं. तिघी आल्या तेव्हा त्यांना म्हटलं, हदीलला सांगू नका, तिच्या आईला आवडत नाही मुलीनं वजन उचललेलं, उगाच घरात भांडण नको. तिच्या आईला मी आयुष्यात दोनदा भेटलोय. आणि पोरींनी ऐकलं माझं. मघाशी म्हटलं ना, मुलींच्या पोटात काही राहत नाही म्हणून — राहतं. अकरा मुलींनी एक गोष्ट इतके आठवडे पोटात ठेवली, तिच्या शेजारी बूट बांधताना, एका बाटलीतून पाणी पिताना. गच्चीवर मी त्यांना हेही शिकवलं. सिवार एकदा म्हणाली, बाबा, हदीलचं काय — मी म्हटलं, तू आपला गुडघा बघ, आत पडतोय.

पण थांबा. थांबा — अहो, ती न उचललेली आहे. तुम्हाला हवी होती ना एक न उचललेली? ही घ्या. तोच सराव, तीच राळ, तेच वय, तेच रोजे, एकही दिवस चुकवला नाही, फक्त लोखंड नाही — आणि केसभरसुद्धा हलली नाही. अकरा वाढल्या आणि एक जिथल्या तिथं. याहून स्वच्छ काय पाहिजे? लिहा हे, डॉक्टर. उचला ते पेन. उद्या दहाला मी हाज ताहरसमोर हा नऊ नंबर ठेवतो, सांगतो, हे बघा, हे — मान का हलवताय? एकीवरून काही ठरत नाही. अहो पण — एकीवरून काही ठरत नाही. हो. पहिल्या दिवशी तुम्हीच समजावलं होतंत, म्हणून तर चोवीस घेतल्या. माझ्या लक्षात आहे. नाही, तुम्ही चुकत नाही, तुम्ही कशात चुकला नाहीत.

आणि तो नंबर मी कुणाला दाखवायला निघालो होतो बघा. तिचाच. तिला वापरून खोली वाचवायला.

तुम्ही दुपारी आकडे लावलेत ना दारावर, तेव्हा पोरी उड्या मारत होत्या, सिवारचे चौऱ्याहत्तर झाले, मीही टाळ्या वाजवल्या. हदील दारापाशी उभी राहिली, बोटानं ओळ धरून दोनदा वाचलं तिनं. मग सगळ्या गेल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, सी मोंजी, ज्यांनी लोखंड उचललं त्यांचं सोडा, पण आम्ही नाही उचललं त्यांतल्या सगळ्यांचा हात वाढला, माझाच नाही. सराव तर मी एकही सोडला नाही. म्हणजे माझ्या हातातच काही नाही, असंच ना? अगदी शांतपणे विचारलं, रडत वगैरे नव्हती, एखादा नळ दुरुस्त होईल का नवाच घ्यायला हवा, तसं विचारतात ना दुकानात, तसं. ती मला विचारत होती, डॉक्टर, कारण तिला वाटतं गावात हे मला कळतं. आणि मी काय म्हटलं? विचारू नका. विचारत नाही तुम्ही, पण मी सांगतो. मी म्हटलं, असतं गं पोरी एकेकीचं. हातात असतं तेवढंच असतं.

तीस वर्षं मी या वाक्याशी भांडलोय. हाज ताहरला ते कधी कुणा पोरीच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही. मी बोललो. आणि तिनं विश्वास ठेवला, कारण मी बोललो. 'बरं' म्हणाली आणि घरी गेली.

नाही, घरी राहिली नाही. परत आलीय. चार वाजल्यापासून बाहेर पायरीवर बसलीय, तुमच्या मागच्या खिडकीतून दिसते मला. मांडीवर पिशवी आहे, त्यात क्लबचे कपडे असणार, धुऊन, घडी करून — आमच्याकडे खेळ सोडताना असेच परत करतात, धुतल्याशिवाय नाही. तुम्ही आत आहात म्हणून थांबलीय, पाहुण्यांसमोर कशाला बोलायचं म्हणून, तशी रीतीची आहे ती. आता कळलं, मी तुम्हाला का बसवून ठेवलं? बॅटरी आणि राळ आणि चहा — तुम्ही गेलात की ती आत येणार. खोलीचं काय, खोली उद्या जाईल, जाऊ दे, बिलियर्ड खेळू देत. ती आत येईल, पिशवी पुढं करील, आणि मला ती एकतर घ्यावी लागेल नाहीतर सांगावं लागेल. सांगितलं की ती सिवारकडे बघेल, उद्यापासून रोज बघेल, आणि त्या अकरा जणींकडे. आणि सिवार माझ्याकडे. नाही सांगितलं, तर ती आयुष्यभर तो हात घेऊन हिंडेल, ज्यात काही नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा मी — नका सांगू. तुमचं दोन वर्षांचं काम बुडवलं आणि वर तुम्हालाच सल्ला विचारतोय.

चहा गार झाला. राहू द्या, नका पिऊ. उठा तुम्ही. मोटरसायकलचं म्हणालो होतो, पण आता नाही जमणार मला, बंदराच्या रस्त्यानं पायी गेलात तरी मिळेल बस. रडार घेतलंत? कागद घ्या सगळे, त्यावर काय लिहायचं ते लिहा, मी परत विचारणार नाही. आणि बाहेर जाताना तिला म्हणा, सी मोंजीनं आत बोलावलंय — नाही, थांबा. तुम्ही काही म्हणू नका. सरळ निघून जा तिच्या बाजूनं.

मीच जातो बाहेर.